टाचेच्या शिरेचे दुखणे व त्यावरील व्यायाम

सकाळी उठून पहिली चार पावले टाकताना टाचेच्या मागे कळ यावी, थोडे चालल्यावर ती मावळावी, आणि उसास पाणी पाजून सायंकाळी घरी आल्यावर शीर पुन्हा ठणकू लागावी, ही तक्रार चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या परिचयाची असेल. पोटरीचे स्नायू ज्या जाड शिरेने टाचेच्या हाडास जखडलेले असतात, तिचे हे दुखणे होय. डॉक्टर तीस कंडरा म्हणतात. शरीरात हिच्याइतकी बळकट कंडरा दुसरी नाही. परंतु तिला रक्ताचा पुरवठा बेताचा, म्हणून झीज सावकाश भरते.

लेप लावून पडून राहिल्याने वेदना शमते खरी, पण शीर अधिकच दुबळी होते व कामास लागताच दुखणे उलटते. बसून असलेला बैल एकदम भरल्या गाडीस जुंपू नये, हे जाणणाऱ्यास यातील मर्म निराळे सांगावयास नको. शिरेस विश्रांतीपेक्षा मोजका व वाढता भार हवा.

स्वीडनमधील उमेओ येथील शल्यवैद्य हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली याचा पडताळा प्रसिद्ध केला. इतर उपचारांनी गुण न आलेले १५ धावपटू १२ आठवड्यांच्या व्यायामाने पुन्हा धावू लागले. पुढे सर्वांसच इतके यश आले नाही. तरी शस्त्रक्रियेपूर्वी हा उपाय करून पाहावा, हे मत आता रूढ आहे.

कृती सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन पायरीच्या कडेवर चवडे टेकावेत. चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलाव्यात. मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन त्याची टाच पायरीच्या खाली सावकाश उतरू द्यावी. वर येताना पुन्हा चांगल्या पायाचे साह्य घ्यावे. गुडघा ताठ ठेवून १५-१५ चे तीन फेरे, तितकेच गुडघा किंचित वाकवून, आणि हे दोन्ही वेळ, रोज. सोसवेल इतके दुखले तर थांबू नये. दुखेनासे झाले म्हणजे पाठीवरील पिशवीत वजन घालावे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत बैठका काढलेल्यांस हे परके वाटणार नाही. मात्र बैठकीत टाच उचलली जाते, येथे ती भारासह खाली जाते, म्हणून बैठकांनी हे काम भागत नाही.

गळीत हंगामात दिवसाला १८० वेळा हे करणार कोण, असा प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून तीनदाच, पण जड वजन घेऊन संथपणे टाचा वर-खाली करणाऱ्यांसही तितकाच गुण आला.

दुखणे थेट हाडाशी असल्यास पायरी वापरू नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. आपली कोल्हापुरी चप्पल तळाशी सपाट. अशा रोग्याने काही दिवस थोडी उंच टाच असलेले पादत्राण घालावे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनी ही शीर क्वचित दुबळी होते. ती चालू असल्यास डॉक्टरांस सांगावे. आणि मागून कोणी काठी हाणली असे वाटून पाय एकाएकी लुळा पडला व चवड्यावर उभे राहवेना, तर शीर तुटली असे समजावे. तेव्हा व्यायाम नाही, मालीश नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.