छऱ्याच्या बंदुकीची दुरुस्ती : हाताने शिकायचा हुन्नर

डिसेंबरातला माहीमचा मेळा असो की माघ पौर्णिमेचा हाजी मलंगचा उरूस, फुगे फोडण्याच्या फळीसमोर गर्दी ठरलेलीच. फळीवर रंगीत फुगे आणि अलीकडे टेबलावर तीन-चार छऱ्याच्या बंदुका. रात्रभरात शेकडो वेळा मोडून भरल्या जाणाऱ्या या बंदुकांची स्प्रिंग कधीतरी बसते, वॉशर झिजतो आणि ऐन गर्दीच्या वेळी एक बंदूक बाजूला पडते. स्टॉलवाल्याची तेवढी रोजी बुडते. ती नीट करून देणारा कारागीर मात्र सहजासहजी सापडत नाही.

हे काम शिकविणारा एक छोटा वर्ग पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. सायकल दुकानामागची पत्र्याची खोली, एक लांब टेबल, एक वाइस आणि सहा शागीर्द. कोणी शिलाई मशीन दुरुस्त करणारा, कोणी लेथवर काम करणारा. वर्ग चार रविवारांचा. फळा नाही, वही नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात एक बिघडलेली बंदूक. शेवटच्या रविवारी ती चालवून दाखवायची.

वर्ग घेणाऱ्या उस्तादांच्या डाव्या हाताचा अंगठा नीट वळत नाही. कारण विचारले तर म्हणाले, "आम्हाला कोणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. मागची पिन काढली आणि स्प्रिंग अंगठ्यावर आली. या पोरांचे अंगठे शाबूत राहावेत, म्हणून हा वर्ग."

आधी सुरक्षा, मग पेचकस

पहिला तास बंदूक उघडण्याचा नसतो, धरण्याचा असतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे, नळीचे तोंड कोणाकडे करायचे नाही, डोळ्यांवर चष्मा हवाच. नळी मोडून छरा घालताना ती दुसऱ्या हाताने घट्ट धरायची. खटका सुटला तर नळी झटक्याने वर येते आणि बोटे सापडतात.

बंदुकीच्या पोटातली स्प्रिंग विश्रांतीतही दाबलेली असते. म्हणून ती नुसत्या हाताने काढायची नाही. उस्तादांनी जाड फळीवर आटे पाडलेला लांब स्क्रू बसवून एक दाबयंत्र केले आहे. स्क्रूने दाब घ्यायचा, मग पिन काढायची आणि स्क्रू सावकाश सैल करायचा. लेथवर काम करणारा कोणीही हे यंत्र बनवू शकेल.

रोग ओळखण्याची रीत

निशाणा लागत नाही, ही सर्वांत मोठी तक्रार. नवशिका लगेच नळीला दोष देतो. उस्ताद आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासायला लावतात. धक्क्यांनी ते सैल होतात आणि पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.

जोर कमी पडत असेल तर हवा कुठून निसटते ते पाहायचे. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवायची आणि छरा भरून सुरक्षित आडोशावर बार काढायचा. पट्टी उडाली तर सांध्याचा रबरी वॉशर गेला. ती हलली नाही तर पिस्टनचा वॉशर आणि स्प्रिंग पाहायची. स्प्रिंग काचेवर लोळवली की वाकडी असल्यास डुगडुगते. वाकडी स्प्रिंग सरळ करीत बसू नये, बदलावी.

तेलाच्या बाबतीत आपले कारागीर फार चुकतात. जोर वाढावा म्हणून हवेच्या नळकांड्यात मशीनचे तेल टाकतात. पिस्टन जोरात पुढे आला की दाबलेली हवा तापते, तेल पेटते, मोठा आवाज होतो, धूर निघतो. गिऱ्हाईक खूश होते, पण आतला वॉशर जळतो आणि स्प्रिंग तुटते. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचे ग्रीस बोटाने पुसटसे लावले की पुरे. तसेच छरा न घालता बार काढू नये. पिस्टनसमोर हवेची गादी राहत नाही आणि तो थेट लोखंडावर आदळतो.

खटक्याचा दाता कानशीने घासायचा नाही, हा वर्गातला सक्त नियम. खटका हलका होतो खरा, पण बंदूक आपोआप सुटू लागते.

पुढची पायरी

जत्रेतल्या बंदुकीवर हात बसला की नेमबाजीच्या बंदुकीकडे पाहता येते. 2008 मध्ये अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगला सुवर्णपदक मिळविले ते 10 मीटर एअर रायफलमध्येच. 2022 मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. पनवेलला सुमा शिरूर यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. या खेळातल्या निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तेव्हा एका झिजलेल्या वॉशरची किंमत काय, हे खेळाडूच जाणतो.

या बंदुकांत स्प्रिंगऐवजी सिलिंडरमधली दाबलेली हवा असते. दाब सुमारे 200 बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ 90 पट. हवा पूर्ण सोडल्याशिवाय एकही आटा फिरवायचा नाही. ओ-रिंगला साधे तेल नको, सिलिकॉनचे ग्रीस हवे. मुदत संपलेले सिलिंडर भरायचे नाही आणि त्याला डाग किंवा भोक पाडायचे नाही. हे काम अनुभवी माणसाजवळ बसूनच शिकावे.

कायदा आणि नोंदवही

आपल्या वस्तीत बंदूक हा शब्द उच्चारला तरी चार लोक वळून पाहतात. म्हणून कायदा पाठ हवा. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. दारूच्या बंदुकीची धंदा म्हणून दुरुस्ती शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय करता येत नाही. अशी वस्तू दुकानात ठेवूनसुद्धा घेऊ नये. पाटी लावण्यापूर्वी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन आपल्या कामाबद्दल लेखी उत्तर घ्यावे.

ताकद मोजणेही अवघड नाही. वेग मोजणारे यंत्र मिळते. छऱ्याचे वजन अर्धा ग्रॅम आणि वेग सेकंदाला 200 मीटर असेल तर ताकद 10 ज्यूल. तोच वेग 283 मीटरवर गेला की 20 ज्यूल. "जोर वाढवून द्या, दुप्पट पैसे देतो," असे म्हणणारे गिऱ्हाईक येतेच. त्याला तिथल्या तिथे नकार द्यावा. मोठी स्प्रिंग घालून दिलेली बंदूक उद्या कोणाच्या हाती जाईल आणि चौकशी कोणाच्या दारात येईल, हे सांगता येत नाही.

उस्तादांच्या टेबलावर एक जाड नोंदवही आहे. गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता, बंदुकीचा क्रमांक, बिघाड, बदललेला भाग, दुरुस्तीआधीचा व नंतरचा वेग, आणि खाली सही. आम्ही ती चाळत होतो तेव्हा ते म्हणाले, "माझी खरी हत्यारं दोन. एक ते दाबयंत्र, ते अंगठा वाचवतं. दुसरी ही वही, ही इज्जत वाचवते."

सायकल, शिलाई मशीन, स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांच्या बोटांत कसब आहेच. हे काम त्यांना अवघड नाही. फक्त बघून बघून शिकू नका. जाणत्या माणसाजवळ चार रविवार बसा, त्याच्यासमोर बंदूक उघडा आणि त्याच्यासमोरच जोडा. आणि ज्यांना हे काम येते त्या बुजुर्ग कारागिरांनी आपले टेबल नव्या पोरांसाठी खुले करावे, एवढीच आमची विनंती.