तात्या विंचूचे हात कुणाचे?

१९९३ साली 'झपाटलेला' लागला, तेव्हा रात्री बाहुलीकडे पाठ करून झोपणारी मुलं सकाळी 'ओम फट् स्वाहा' ओरडत एकमेकांच्या अंगावर धावत होती. तात्या विंचूची धास्तीही घ्यायची आणि तात्या विंचू व्हायलाही धडपडायचं, असा तो मामला होता. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटावरून महेश कोठारे यांनी कल्पना घेतली, गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला, बिचारा लक्ष्या त्याच्या तावडीत सापडला, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. मला सांगायचंय ते बाहुल्याच्या पाठीमागचं. चित्रपटांच्या धंद्याच्या आसपास वावरताना माझं एक मत पक्कं झालंय. अद्भुतपटातल्या खलनायकाबद्दल आपल्याला जी माया वाटते, ती पटकथेतून निम्मीच येते. उरलेली निम्मी येते ती मुखवट्याआड किंवा बाहुल्यामागे दडलेल्या माणसाकडून, आणि त्याचा चेहरा आपल्याला बहुधा दिसतच नाही.

तात्याचा बाहुला घडवला आणि खेळवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. पाध्ये शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, आणि अर्धवटराव हा बाहुला त्यांना वडिलांकडून वारशानं मिळालेला. शब्दभ्रमकाराची सगळी पुण्याई आवाजात असते. स्वतःचे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायचं, यावर त्याचं नाव चालतं. 'झपाटलेला'मध्ये मात्र तात्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर आवाजाची साधना केली, त्यानं इथे आवाजावरचा हक्क सोडला आणि फक्त हात दिले. या हातांचं काम नीट पाहा. संवाद सुरू झाल्यावर बाहुल्याची मान वळली, तर बाहुला नुसता हलतो. संवादाच्या निमिषभर आधी वळली, तर तो विचार करतोय असं वाटतं. ज्याला विचार आहे त्याला राग आहे, आणि ज्याला राग आहे त्याचं काहीतरी हिरावलं गेलंय, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. लहान मुलांचा थरकाप उडवणारे हे हात त्याआधीही घराघरांत पोचलेले होतेच. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला लाडका ससा याच पाध्यांचा.

आवाजाचा किस्सा तर याहून गमतीचा. 'झपाटलेला'च्या दोनच वर्षं आधी, १९९१ मध्ये, 'चौकट राजा'तल्या नंदूनं सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. तोच नट आता गुंड होऊन गुरगुरत होता. प्रभावळकरांनी तात्याला नुसता राक्षसी आवाज दिला असता, तर तो एका चित्रपटापुरता उरला असता. त्यांनी त्याच्या गुरगुरण्यात एक चिडचिड ठेवली. एका दहशतीच्या माणसाला कुणीही काखेत मारून नेईल एवढ्याशा देहात राहावं लागतंय, स्वतःचं शरीर हवं तर लक्ष्याच्या मागे धावण्यावाचून इलाज नाही, या अपमानाची ती चिडचिड. तात्याचं दुःख सगळं त्यात आहे. पुढे २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त हाच गळा गांधीजींच्या मुखातून बोलला आणि त्या वर्षीच्या कामासाठी प्रभावळकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच गळ्यातून तात्या विंचू आणि बापू निघतात.

लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचं श्रेय या गडबडीत राहून जातं. बाहुल्यासमोर काम करताना नटाची नजर एकदा जरी बाहुल्याच्या डोळ्यांवरून घसरून मागच्या माणसाकडे गेली, की शॉट वाया. लक्ष्या अख्खा चित्रपटभर त्या डोळ्यांत बघून खरंखुरं घाबरला. त्याच्या घाबरण्यानं तात्या जिवंत झाला.

एका खलनायकाचे असे तुकडे करून वाटणं ही काही आपलीच रीत नाही. 'स्टार वॉर्स'च्या डार्थ वेडरचा देह डेव्हिड प्राउझ यांचा, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. १९८३ मध्ये अखेर मुखवटा उतरला, पश्चात्ताप झालेला बाप दिसला, सगळं थिएटर हळवं झालं. तो चेहरा सेबॅस्टियन शॉ या तिसऱ्याच नटाचा होता.

पण या सगळ्यांवर कडी केली ती आपल्या 'तुंबाड'नं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. क्रूर जेलरच्या आतला माणूस वडिलांनी त्यात शोधला होता. मुलानं त्याहून अवघड पात्र निवडलं, हस्तर. देवीचा पहिला मुलगा, सोन्यासाठी आणि अन्नासाठी हपापलेला, आईच्या गर्भात कोंडलेला आणि युगानुयुगं उपाशी. त्याला कणकेची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटातल्या मोहरा चोरायच्या, हा विनायकरावाचा उद्योग. चित्रपट पुढे सरकतो तसं राक्षस कोण आणि चोर कोण, याचा हिशेब उलटा होत जातो. भुकेलेल्याला कणीक दाखवून लुटणारा माणूस आपला नायक आहे, हे ध्यानात येतं तेव्हा हस्तरची भूकच जास्त प्रामाणिक वाटू लागते.

चित्रपट घडणं मात्र हस्तरच्या सुटकेइतकंच कठीण झालं. २००८ मध्ये नवाजुद्दीन सिद्दीकी विनायक करणार होता, निर्मात्यानं हात काढून घेतला. २०१२ मध्ये सोहम शाहला घेऊन चित्रीकरण झालं, २०१५ मध्ये पुन्हा कॅमेरा लावावा लागला. पाऊस खराच हवा, या हट्टापायी पावसाळ्यामागून पावसाळे गेले. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला, पण आपल्याकडे धंदा बेताचाच झाला. मग २०२४ च्या सप्टेंबरात हाच चित्रपट पुन्हा लागला. फोनवर दहादा पाहून झालेला 'तुंबाड' अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची तरुण मुलं तिकीट काढून बघायला गेली आणि दुसऱ्या खेपेची कमाई पहिलीपेक्षा मोठी ठरली. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात आपण नाही, हे बर्वे यांनी स्वतःच जाहीर केलं.

माझा सर्वांत आवडता किस्सा 'तुंबाड'च्या वाड्यातल्या त्या म्हातारीचा. साखळदंडात जखडलेली, शापानं मरूही न शकणारी, शेवटी जिच्या देहातून झाड उगवलेलं असतं ती. तिला पाहून किळस येते आणि मिनिटभरात पोटात तुटतं. त्या रबरी सुरकुत्यांच्या थरांखाली कुणी वयोवृद्ध अभिनेत्री नव्हती. आत होता 'गट्टू' चित्रपटातला मोहम्मद समद, कोवळा मुलगा. मेकअपच्या खुर्चीत तासन्‌तास निश्चल बसायचं, नंतर बोटं आणि पापण्या एवढ्यावरच वेदना दाखवायची, हे त्या वयात त्यानं केलं. याच समदनं विनायकाचा मुलगा पांडुरंगही केला. आता गोष्ट आठवा. विनायक म्हातारीला जाळून शापातून सोडवतो आणि अखेरीला पांडुरंग शापित बापाला जाळतो. जिला बापानं पेटवलं आणि ज्यानं बापाला पेटवलं, ते दोघं एकच पोर.

अंधेरी पश्चिमेला डबिंगच्या खोल्यांमध्ये असे अदृश्य लोक रोज भेटतात. मुलुंड-बोरिवलीहून लोकलनं येणारा कलाकार घड्याळ, किल्ल्या काढून ठेवतो, कारण किल्लीचा खुळखुळाटही माइक पकडतो. कोमट पाण्याचा घोट घेतो आणि दुसऱ्याच कुणाच्या ओठांवर आपले शब्द बसवू लागतो. संवाद संपले की श्वास, हुंदके, कण्हणं वेगळं रेकॉर्ड होतं. काचेपलीकडून मी हे पाहिलं आहे. खलनायकाचा संवाद चारदोन टेकमध्ये होतो, त्याचा हुंदका मात्र पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. जास्त झाला तर तो लबाड वाटतो, कमी पडला तर दगड. 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनोस स्वतःच्या मानलेल्या मुलीला कड्यावरून लोटतो आणि त्याचे डोळे भरून येतात. हिंदीत ते दृश्य बघणाऱ्या पोरांना ज्या आवाजानं त्याची कीव करायला लावली, तो आवाज निनाद कामत या मराठी नटाचा.

आता 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं लक्ष्याला परत आणण्याची चर्चाही कानावर आहे. लक्ष्या परत दिसला तर मलाही आनंदच होईल. मात्र कोठारे सरांना एक मनापासून विनंती आहे. संगणकाची करामत हवी तिथे वापरा, पण तात्याला हातानंच हलवा. रामदास पाध्ये यांचे चिरंजीव सत्यजित हीच कला पुढे नेत आहेत, हात कुठून आणायचे हा प्रश्न नाही. आणि या वेळी पोस्टरवर नटांच्या नावांच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात, त्या हातांचं नाव छापा.