मत्स्यालयातील हिरवा गालिचा : मातीची निवड व लागवड

भातखाचरात चिखलणी करून रोप लावणाऱ्या शेतकऱ्याला काचेच्या मत्स्यालयात तळाशी हिरवळ वाढविणे अवघड नाही. पाण्याखालच्या मातीचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. तरीही पहिला प्रयत्न पुष्कळदा फसतो. रोपे कुजतात, मासे दगावतात आणि दोष पाण्याला दिला जातो. खरी चूक बहुधा तळाच्या मातीत असते.

पाण्याखाली मातीत काय घडते?

मातीवर पाणी साचून राहिले की तिच्यातील प्राणवायू लवकरच संपतो. त्यामुळे लोह विरघळणाऱ्या रूपात येते व मुळांना सहज मिळते. हा फायदा झाला. परंतु मातीत न कुजलेले सेंद्रिय पदार्थ जास्त असतील, तर अमोनिया आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. खाचरातील भात अमोनियाच्या रूपातील नत्र आवडीने घेतो. माशांना मात्र तो थोड्या प्रमाणातही मारक ठरतो, आणि पाण्याचा सामू ७ च्या वर चढू लागला की त्याचा विषारीपणा वाढतो. म्हणून मत्स्यालयाच्या मातीत शेणखत, कंपोस्ट किंवा युरिया मुळीच मिसळू नये.

माती कशी निवडावी?

काळी माती अन्नद्रव्ये चांगली धरून ठेवते. पण ती फुगते, पाणी गढूळ करते आणि तिच्यात बरेचदा चुनखडी असते. चुनखडीमुळे पाण्याचा सामू व जडपणा वाढतो. वाळलेल्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. माती फसफसली तर ती घेऊ नये. कोकणातील जांभ्या मातीत लोह भरपूर असते व ती आम्लधर्मी असते. मात्र अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची क्षमता कमी असते. म्हणून निम्मी जांभी व निम्मी चुनखडीविरहित पोयट्याची माती असे मिश्रण करावे. माती कीटकनाशक, तणनाशक किंवा रासायनिक खत न पडलेल्या जागेतीलच असावी.

माती २ ते ३ मि.मी. च्या चाळणीने चाळून काडीकचरा काढावा. नंतर ती भिजवावी, वरचे पाणी ओतून द्यावे आणि उन्हात वाळवावी. असे तीन-चार वेळा केल्याने उरलेला सेंद्रिय भाग कुजून जातो.

बाजारात भाजलेल्या मातीचे तयार दाणेही मिळतात. ते वापरण्यास सोपे, पण महाग असतात. त्यांपैकी काहींतून सुरुवातीला अमोनिया सुटतो, हे विसरू नये.

थर व प्रमाण

खाली २.५ सें.मी. मातीचा आणि त्यावर ३ सें.मी. वाळूचा थर द्यावा. ६० × ३० सें.मी. तळाच्या टाकीस सुमारे ४.५ लीटर माती व ५.५ लीटर वाळू लागते. वाळू नदीची, १ ते २ मि.मी. दाण्याची व स्वच्छ धुतलेली असावी. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुना असतो, म्हणून ती टाळावी.

रोपे व लावणी

नवख्यांनी भातखाचरात आढळणारी चार दलांच्या पानाची मार्सिलिया किंवा केसासारख्या पात्यांची एलिओकॅरिस लावावी. मार्सिलिया सावकाश पसरते, पण मंद प्रकाशातही तग धरते. क्युबा नावाने विकली जाणारी बारीक पानांची जात दिसायला सुंदर असते. तिला मात्र प्रखर प्रकाश लागतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडल्यास ती चांगली पसरते. शेतातून आणलेली रोपे स्वच्छ धुऊन दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावीत, म्हणजे गोगलगायी व किडी आत येत नाहीत.

रोपांचे लहान झुबके करून ते चिमट्याने २ ते ३ सें.मी. अंतरावर लावावेत. सुरुवातीस पाणी न भरता वाळू फक्त ओली ठेवावी व टाकीवर प्लॅस्टिकचा कागद झाकावा. रोज थोडा वेळ कागद उघडून हवा द्यावी, नाहीतर बुरशी येते. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरली की थराला धक्का न लावता, ताटलीवर धार सोडत पाणी भरावे. जुनी पाने गळाली तरी घाबरू नये. पाण्यातील नवी पाने फुटतात.

पुढील निगा

दिवा रोज ७ ते ८ तासच लावावा. प्रकाश जास्त झाला की शेवाळ माजते. पाणी भरल्यावर पहिले काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. गालिचा दाट झाला की कात्रीने छाटावा, म्हणजे खालची पाने कुजत नाहीत.

मासे सर्वांत शेवटी सोडावेत. पाणी भरून चार ते सहा आठवडे झाल्यावर आणि तपासणी संचाने पाण्यात अमोनिया व नायट्राइट नाही याची खात्री झाल्यावरच सुरुवातीस तीन-चार मासे सोडावेत. पेरणीसाठी वाफशाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला एवढा धीर धरणे जड जाऊ नये.