‘उरुग्वे’ : एका जुन्या गनबोटीची चाकरी

युद्धनौकेचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून पुष्कळ तोकडे असते. पंचवीस-तीस वर्षे लोटली की तिच्या तोफा जुन्या ठरतात, इंजिने थकतात, आणि जिच्या समुद्रार्पणाच्या वेळी बँड वाजला होता ती नौका मुकाट्याने भंगाराच्या गोदीत जाते. जगातील बहुतेक आरमारी नौकांची कथा एवढ्यात संपते. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत अर्जेंटिनाच्या ‘उरुग्वे’ या लहानशा गनबोटीची गणना करावी लागेल. १८७४ साली बांधलेली ही बोट दीडशे वर्षांनंतर आजही ब्वेनोस आयरेसच्या बंदरात पाण्यावर उभी आहे. तिच्या नावावर कोणताही मोठा रणसंग्राम नाही. तरीही तिचे नाव अर्जेंटिनातील शाळकरी मुलेसुद्धा आदराने घेतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी तिचा जन्म आणि तिची चाकरी दोन्ही पाहिली पाहिजेत.

गनबोट म्हणजे आरमारातील हरकाम्या नोकर. मोठी चिलखती नौका खोल पाण्यात शत्रूच्या आरमाराशी सामना देण्यासाठी असते. गनबोट लहान, उथळ पाण्यात शिरणारी, दोन-चार तोफा बाळगणारी. नद्यांच्या मुखांवर पहारा ठेवणे, किनाऱ्याची पाहणी करणे, दूरच्या ठाण्यांवर माणसे आणि सामान पोचवणे, ही तिची नित्याची कामे. अर्जेंटिनाला अशा बोटींची विशेष गरज होती. पाराना आणि उरुग्वे या दोन महानद्या तेथे ला प्लाता नावाच्या विस्तीर्ण पण गाळाने भरलेल्या खाडीत मिळतात. दक्षिणेकडे पॅटागोनियाचा शेकडो मैलांचा ओसाड किनारा पसरलेला. या दोहोंवर नजर ठेवायची तर आरमार हवे, हे अध्यक्ष सार्मिएन्तो यांनी ओळखले. हे गृहस्थ पेशाने मूळचे शिक्षक. त्यांच्याच कारकिर्दीत १८७२ साली नौका विकत घेण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी नाविक अधिकारी तयार करणारी शाळाही निघाली. कायद्यानुसार इंग्लंडमधील बर्कनहेड येथील लेअर्ड यांच्या गोदीत दोन जुळ्या गनबोटी बांधण्यात आल्या. त्यांना ‘पाराना’ आणि ‘उरुग्वे’ अशी नद्यांचीच नावे मिळाली.

‘उरुग्वे’ची लांबी सुमारे ४६ मीटर, रुंदी साडेसात मीटरांच्या आसपास, आणि वजन अवघे ५५० टन. तिची घडण मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचा सांगाडा आणि कवच लोखंडाचे; पण त्यावर बाहेरून सागाच्या फळ्यांचे आवरण चढवलेले. हा दुहेरी खटाटोप कशासाठी? लोखंडी तळाला समुद्रात शेवाळ आणि शिंपले फार लवकर चिकटतात, आणि त्यामुळे बोटीची गती मंदावते. तांब्याचा पत्रा मारला तर ते चिकटत नाहीत. परंतु तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले की लोखंड झपाट्याने झिजते. म्हणून दोन धातूंच्या मध्ये लाकडाचा थर घालण्याची युक्ती त्या काळच्या नौकाशिल्पींनी काढली. साग या कामी उत्तम, कारण त्यातील तेल लाकडाला कुजू देत नाही. सागाचा हा टिकाऊपणा मुंबईकरांना नवा नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली सागाने बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे.

‘उरुग्वे’ला तीन डोलकाठ्या होत्या आणि पोटात वाफेचे इंजिनही होते. ज्या किनाऱ्यावर कोळसा मिळण्याची शाश्वती नाही, तेथे शिडांवर चालायचे आणि बंदरात शिरताना किंवा वारा पडला असता बॉयलर पेटवायचे, अशी ही सोय होती. पुढे एका बिकट प्रसंगी या दुहेरी सोयीचे मोल सर्वांना कळायचे होते.

प्रारंभीची तीस वर्षे मात्र गनबोटीच्या नेहमीच्या चाकरीत गेली. १८७७ ते १८८० या काळात आरमारी शाळाच तिच्यावर भरत असे. देशाच्या पहिल्या शिक्षित नाविक अधिकाऱ्यांपैकी कित्येकांनी होकायंत्र वाचण्याचे आणि दोर ओढण्याचे धडे हिच्याच डेकवर गिरवले. १८७८ साली पॅटागोनियाच्या हक्कावरून चिलीशी वाद विकोपाला गेला, तेव्हा कमोडोर पी यांच्या हाताखाली तीन नौका सांता क्रूझ नदीच्या मुखाकडे धाडण्यात आल्या. त्यांत ‘उरुग्वे’ होती. सुदैवाने गोळीबार न होता तो प्रसंग निभावला. त्यानंतर पहारा, पाहणी आणि वाहतूक हाच तिचा क्रम राहिला. नवे शतक उजाडले तेव्हा ती पंचवीस वर्षांची झाली होती, आणि आरमाराच्या यादीत तिच्याहून कितीतरी मोठ्या व वेगवान नौका जमा झाल्या होत्या.

१९०२ च्या मे महिन्यात अर्जेंटिना आणि चिली यांनी तह केला. शस्त्रास्त्रांची चढाओढ थांबवावी, असे दोन्ही देशांनी मान्य केले. अर्जेंटिनासाठी दोन नव्या चिलखती क्रूझर इटलीत तयार होत होत्या; त्या नकोशा झाल्या आणि १९०३ च्या अखेरीस जपानला विकल्या गेल्या. ‘निशिन’ आणि ‘कासुगा’ या नावांनी त्या पुढे रशियाविरुद्धच्या युद्धात लढल्या. लढाईसाठी बांधलेल्या कोऱ्या नौका अशा रीतीने परक्या देशी निघून गेल्या, आणि त्याच वर्षी जुन्या गनबोटीला तिच्या जन्मातील सर्वांत मोठे काम मिळाले.

त्याचे कारण फार दूर, दक्षिण ध्रुवाच्या दिशेला होते. स्वीडनचे भूशास्त्रज्ञ ओट्टो नोर्देनशोल्ड १९०१ साली ‘अंटार्क्टिक’ नावाच्या नौकेतून संशोधनासाठी निघाले होते. वाटेत ब्वेनोस आयरेसला अर्जेंटिनाने त्यांना साहाय्य देऊ केले आणि होसे मारिया सोब्राल नावाचा एक तरुण नाविक अधिकारी त्यांच्याबरोबर दिला. फेब्रुवारी १९०२ मध्ये नोर्देनशोल्ड, सोब्राल आणि आणखी चौघे स्नो हिल बेटावर उतरले. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी पडते त्या महिन्यांत, नौकेने परत येऊन त्यांना घेऊन जावे, असे ठरले होते. नौका आलीच नाही. सहा जणांना त्या हिमभूमीत दुसरा हिवाळा काढावा लागला.

नौकेचे काय झाले होते? बर्फ फुटेना म्हणून २९ डिसेंबर १९०२ रोजी तिच्यावरील तिघे, अँडरसन, दूसे आणि ग्रुन्डेन, होप उपसागरात उतरले. बर्फावरून पायी स्नो हिल गाठायचे आणि तेथील मंडळींना निरोप द्यायचा, हा त्यांचा बेत. परंतु मध्येच उघडे पाणी लागले व वाट खुंटली. ते माघारी येऊन नौकेची वाट पाहत बसले. इकडे बर्फाच्या कचाट्यात सापडून ‘अंटार्क्टिक’ चिरडली गेली आणि १२ फेब्रुवारी १९०३ रोजी बुडाली. कप्तान लार्सन आणि खलाशी होड्या ओढीत, बर्फाच्या तुकड्यांवरून मार्ग काढीत पॉलेट बेटावर पोचले. त्यांनी दगडांची झोपडी रचली. पेंग्विन आणि सील यांच्या मांसावर हिवाळा काढला. त्यांच्यातील एक तरुण खलाशी, वेनर्सगोर, जून महिन्यात तेथेच मरण पावला.

अशा रीतीने एकाच मोहिमेची माणसे तीन ठिकाणी विखुरली होती, आणि कोणालाही दुसऱ्याचा ठावठिकाणा माहीत नव्हता. बिनतारी संदेशाची सोय त्या काळी अशा नौकांवर नव्हती. बाहेरच्या जगाला तर एवढेच ठाऊक होते की ‘अंटार्क्टिक’ परतलेली नाही.

स्वीडन आणि फ्रान्स येथे शोधमोहिमांची तयारी सुरू झाली. अर्जेंटिना मात्र सर्वांत जवळचा देश, आणि त्याचा एक अधिकारी तेथे अडकलेला. सरकारने या कामासाठी ‘उरुग्वे’ निवडली. जुनी गनबोट बर्फासाठी बांधलेली नव्हती. बर्फात लोखंडाचा पातळ पत्रा धोक्याचा. धारदार हिमखंड घासला तर तो फाटतो. म्हणून तिला आतून लाकडाचे भक्कम आधार देण्यात आले; एका भागात पाणी शिरले तरी दुसरा कोरडा राहावा म्हणून जलरोधक आडभिंती बसवण्यात आल्या; शिडे व यंत्रे दुरुस्त झाली. कप्तान म्हणून चौतीस वर्षांच्या खूलियान इरीसार यांची नेमणूक झाली. बोटीवर तीसहून कमी माणसे होती, आणि त्यांत चिलीच्या आरमाराचा एक अधिकारी पाहुणा म्हणून होता. पाव शतकापूर्वी हीच बोट चिलीविरुद्ध सांता क्रूझला धाडली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा गोष्टीचा अर्थ कळतो.

८ ऑक्टोबर १९०३ रोजी ‘उरुग्वे’ने ब्वेनोस आयरेस सोडले. दक्षिण टोकाशी उशुआया येथे थांबून ती हिमप्रदेशाकडे वळली. त्या वर्षी बर्फ लवकर मोकळा झाला होता, हे तिचे सुदैव. दरम्यान १२ ऑक्टोबर रोजी एक विलक्षण भेट घडली होती. बर्फावरून शोध घेत निघालेल्या नोर्देनशोल्ड यांना दूरवर काळ्या आकृती दिसल्या. जवळ आल्यावरही ती माणसे ओळखू येईनात, इतकी ती चरबीच्या धुराने काळवंडली होती. ते होप उपसागरातील तिघे होते. त्या ठिकाणाला ‘सुभेटीचे भूशिर’ अशा अर्थाचे नाव पडले.

८ नोव्हेंबर रोजी इरीसार सेमूर बेटावर उतरले. तेथे तंबूत मोहिमेचे दोघे जण होते. त्यांच्यासह ते पायी स्नो हिलला पोचले. आनंदाला सीमा राहिली नाही. परंतु त्या आनंदात एक काटा होता. ‘अंटार्क्टिक’ची काही वार्ता? इरीसार यांच्यापाशी ती नव्हती. मग नौका आणि तिच्यावरची सर्व माणसे गेली, असेच सर्वांना वाटले. त्याच रात्री कुत्री भुंकू लागली. काही माणसे घराकडे येत होती. गनबोटीवरचे खलाशी असतील, अशी समजूत झाली. पण ते होते कप्तान लार्सन आणि त्यांचे पाच सोबती. पॉलेट बेटावरून ते उघड्या होडीतून वल्ही मारीत होप उपसागरात गेले होते आणि तेथील चिठ्ठी वाचून स्नो हिलला आले होते. महिनोन्‌महिने जे जुळले नव्हते, ते एका दिवसात जुळले. ११ नोव्हेंबरच्या पहाटे ‘उरुग्वे’ची शिटी पॉलेट बेटापाशी वाजली आणि झोपडीतील उरलेली माणसे धावत बाहेर आली.

परतीची वाट सोपी नव्हती. हॉर्न भूशिराच्या दक्षिणेचा समुद्र जगात सर्वांत खवळलेला म्हणून कुप्रसिद्ध आहे. तेथे वादळाने बोटीला गाठले आणि तिच्या दोन डोलकाठ्या मोडून पडल्या. केवळ शिडांची बोट असती तर ती त्या समुद्रात पांगळी झाली असती. इंजिन चालत होते, म्हणून ती तरली. २२ नोव्हेंबरला ती सांता क्रूझला पोचली, आणि तेथून तारेने जगाला बातमी कळली. २ डिसेंबर रोजी मोडक्या डोलकाठ्यांनिशी ती ब्वेनोस आयरेसच्या बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर जनसागर लोटला होता. सोब्राल यांच्या मनावर त्या दोन हिवाळ्यांचा असा परिणाम झाला की पुढे त्यांनी आरमार सोडले, स्वीडनमध्ये उप्साला येथे भूशास्त्राचा अभ्यास केला आणि त्यात डॉक्टरेट मिळवली.

या पराक्रमानंतर कोणत्याही बोटीला विश्रांती द्यावी. पण गनबोटीच्या नशिबी ती नसते. फ्रेंच संशोधक शार्को यांचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा तिला पुन्हा दक्षिणेकडे धाडण्यात आले. ते पुढे स्वतःच सुखरूप परतले. दक्षिण ऑर्कनी बेटांवर अर्जेंटिनाने १९०४ पासून वेधशाळा चालवण्यास घेतली होती. तेथील माणसे बदलण्यासाठी आणि शिधा पोचवण्यासाठी ‘उरुग्वे’ने पुढील वर्षांत अनेक फेऱ्या केल्या. १९२६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिला आरमाराच्या कामावरून कमी करण्यात आले. तेव्हाही ती मोडीत निघाली नाही. दारूगोळा साठवण्याची तरती कोठी म्हणून ती नदीत उभी राहिली. त्या सामान्य कामानेच तिचे प्राण वाचवले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे तिचे महत्त्व ओळखून तिची दुरुस्ती झाली, १९६७ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि आता ती संग्रहालय म्हणून ब्वेनोस आयरेसमध्ये लोकांना पाहावयास मिळते.

ज्या तोफांसाठी तिला गनबोट म्हटले गेले, त्या तोफांनी तिला कीर्ती दिली नाही. तिला कीर्ती दिली ती लोखंडावरच्या सागाने, शिडांच्या जोडीला असलेल्या इंजिनाने, आणि पडेल ते काम करण्याच्या तिच्या सवयीने. संग्रहालयात शिरणाऱ्या माणसाला तिच्या डेकचा अरुंदपणा पाहून प्रथम आश्चर्य वाटते. एवढ्याशा जागेत इतकी माणसे कशी मावली असतील? परंतु १९०३ च्या नोव्हेंबरात पॉलेट बेटावरून जे लोक धावत किनाऱ्यावर आले, त्यांना ती मुळीच लहान वाटली नसेल.