कोऱ्या तबकड्यांची द्रव्यपरीक्षा

वाशीम जिल्ह्यातील जुन्या चिकित्सालयांत व औषधनिर्माणशाळांत एखाद्या कपाटात सीडींची चळत हमखास आढळते. 2000 नंतरच्या दशकात संगणक हाताशी आला आणि रुग्णपत्रके, त्वक्‌रोगांची चिकित्सापूर्व व चिकित्सोत्तर छायाचित्रे, बॅचच्या नोंदी, वडिलोपार्जित बाडांची स्कॅन केलेली पाने असे पुष्कळ साहित्य या तबकड्यांवर उतरविले गेले. मूळ कागद कुठे वाळवीने खाल्ले, कुठे जागेअभावी रद्दीत गेले. परिणामी काही अनुभूत पाठांची एकमेव प्रत आज एखाद्या डीव्हीडीवर उरली आहे. नव्याने तबकडी विकत घेताना ती कशी पारखावी आणि जुन्यांचे काय करावे, हा विषय म्हणूनच वैद्यांच्या व औषधनिर्मात्यांच्या विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीत नोंदविली. ही सूची 1926 साली नागपूरहून प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेक पोथ्यांचे वय तेव्हाच शतकांत मोजण्याजोगे होते. कागद जीर्ण होतो तेव्हा तो डोळ्यांना दिसतो, आणि फाटलेल्या पानाचाही अर्धा भाग वाचता येतो. तबकडी मात्र बाहेरून चकचकीत राहून आतून निर्वीर्य झालेली असू शकते. शार्ङ्गधरांनी चूर्ण, गुटी, घृत-तैल यांच्या सवीर्यतेची मर्यादा वेगवेगळी सांगितली व आसव, धातू आणि रस जुने झाल्यावर अधिक गुणवान होतात असे म्हटले. कोऱ्या तबकड्यांत आसवाच्या वर्गातले काहीही नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

बाजारात अशोक म्हणून खोट्या अशोकाची साल येते, हे औषधालयचालकांना सांगावयास नको. तबकडीचेही तसेच आहे. वेष्टनावर नाव एका कंपनीचे आणि आतील माल दुसऱ्याच कारखान्याचा, असा प्रकार या धंद्यात सर्रास चालत आला. एकाच नावाच्या दोन डब्यांतील माल दोन देशांत तयार झालेला असू शकतो. खरी ओळख तबकडीवर पूर्वमुद्रित असलेल्या निर्मात्याच्या सांकेतिक खुणेत असते व साध्या संगणक-प्रणालीने ती वाचता येते. एक नग घेऊन ही खूण पाहावी, मगच शेकडा खरेदी करावी.

आता घटकद्रव्ये. एकदाच लिहिता येणाऱ्या सामान्य सीडी वा डीव्हीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो व लेसर किरणाने त्यात खुणा उमटतात. त्यामागे प्रकाश परतविणारा धातूचा थर असतो. सीडीतील रंगद्रव्ये मुख्यतः तीन : सायनिन, अ‍ॅझो आणि थॅलोसायनिन. सायनिन प्रकाशाला सर्वांत हळवे, अ‍ॅझो त्याहून बरे, थॅलोसायनिन अधिक टिकाऊ. धातूंत चांदी स्वस्त, पण गंधकाच्या संसर्गाने ती काळवंडते, हे रसशास्त्र जाणणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील एका कारखान्यात 1988 ते 1993 या काळात तयार झालेल्या गाण्यांच्या अनेक सीडी पुढे तपकिरी पडल्या, त्याचे एक कारण वेष्टनाच्या कागदातील गंधक हेच होते. रसशाळेच्या खोलीत किंवा स्वस्त कागदी पाकिटांत तबकड्या ठेवू नयेत, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सुवर्णाचा थर विटत नाही. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने थॅलोसायनिन व सुवर्णथर असलेल्या सीडीला 100 वर्षांहून अधिक आयुष्य दिले आहे. हे अनुमान उष्णता व आर्द्रता वाढवून केलेल्या त्वरित परीक्षणावरचे आहे. औषधांच्या स्थिरता-परीक्षणाला आपण जितके महत्त्व देतो, तितकेच यालाही द्यावे.

डीव्हीडीत रंगावरून द्रव्य ओळखता येत नाही, तेथे निर्मात्याची खूण हाच आधार. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या जतनासाठी घेऊच नयेत. एम-डिस्क या प्रकारात सेंद्रिय रंगद्रव्य नसते. ती किमतीने महाग असून तिला साजेसा रायटर लागतो, तरी मोजक्या अमूल्य बाडांसाठी आम्ही तीच पसंत करू. ब्ल्यू-रे घेताना एलटीएच अशी खूण असलेला, म्हणजे सेंद्रिय रंगद्रव्याचा प्रकार टाळावा.

बाजारही आकसत चालला आहे. जपानची तैयो युदेन 2015 मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली, आपल्याकडच्या मोझर बेअरच्या परिसमापनाचा आदेश 2018 मध्ये झाला, आणि सोनीने लिहिण्यायोग्य ब्ल्यू-रेचे उत्पादन फेब्रुवारी 2025 मध्ये थांबविले. दुकानात जुना साठा मिळण्याचा संभव त्यामुळे वाढला आहे. कोरी तबकडीही काळाने झिजते. तारीख नसलेला, उन्हात मांडलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

चांगले द्रव्यही पाक बिघडल्यास वाया जाते. सर्वोच्च वेगाने न लिहिता मध्यम वेग निवडावा व लिहून होताच पडताळणी अवश्य करावी. सीडीचा धातुथर नावाच्या बाजूस केवळ लाखेच्या लेपाखाली असतो, त्यामुळे तेथील ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. त्या बाजूस कागदी लेबल चिकटवू नये. नाव लिहायचे तर मध्यभागच्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईने.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2003 मध्ये साठवणीसाठी 4 ते 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता सुचविली. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. तेव्हा पत्र्याखालची खोली व बाहेरच्या भिंतीचे कपाट दोन्ही वर्ज्य. आतल्या खोलीत, प्रकाशापासून दूर, कडक प्लास्टिकच्या डब्यांत तबकड्या उभ्या ठेवाव्यात. प्रती दोन असाव्यात, त्याही वेगवेगळ्या निर्मात्यांच्या. एक दुसऱ्या गावी ठेवावी. तिच्यात रुग्णांची नावे असल्यास ती सांकेतिक शब्दाने बंद करावी. तिसरी प्रत हार्डडिस्कवर असू द्यावी.

कपाटातील जुन्या चळतीला मात्र नवी खरेदी होईपर्यंत थांबविणे इष्ट नाही. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालण्याची सोय बहुधा नसते, म्हणून बाहेरून जोडण्याचा एक चांगला रायटर सध्याच घेऊन ठेवावा. एकमेव प्रत असलेल्या बाडांपासून आरंभ करावा व सर्व मजकूर हार्डडिस्कवर उतरवून प्रत्येक फाइल उघडून पाहावी. वाचताना यंत्र अडखळले तर ती तबकडी फेकू नये. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून दुसऱ्या रायटरमध्ये घालावी. एका यंत्राला न वाचता आलेले पान दुसरे यंत्र पुष्कळदा वाचते.