जुन्या बुलेटला झेनॉन: उजेडाबद्दलचे काही पक्के गैरसमज

जुन्या बुलेटवर, येझदीवर किंवा आरएक्स हंड्रेडवर रात्रीचा घाट उतरलेल्या माणसाला हेडलाइट कमी पडतो हे वेगळं सांगावं लागत नाही. तक्रार खरी आहे. पण गॅरेजमध्ये तिच्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय असतो मूळ बल्ब काढून त्याच रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी किट बसवण्याचा. या उपायाभोवती इतके गैरसमज आहेत की पैसे मोजूनही पुष्कळांना रस्ता आधीपेक्षा वाईट दिसू लागतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा तर विचारच होत नाही.

आधी एचआयडी म्हणजे काय ते पाहू. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून उजळते. एचआयडीत तारच नसते. क्वार्ट्झच्या चिमुकल्या कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार असतात. दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण ४ मिलिमीटरचं अंतर असतं आणि तेवढ्या जागेत विजेचा आर्क सतत पेटता राहतो. तो पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो. हा झटका देण्याचं आणि नंतर करंट ताब्यात ठेवण्याचं काम बॅलास्ट नावाची डबी करते. मोटारीत हे दिवे पहिल्यांदा आले ते १९९१ साली, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये. ३५ वॉटचा चांगला एचआयडी बल्ब सुमारे ३,२०० लुमेन देतो. ६०/५५ वॉटचा एच-फोर हॅलोजन डिपरवर सुमारे १,००० आणि अप्परवर १,६५० लुमेन देतो. हे आकडे खरे आहेत. गैरसमज सुरू होतात ते या आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षांत.

"तिप्पट लुमेन, म्हणजे रस्त्यावर तिप्पट उजेड"

लुमेन बल्बमधून बाहेर पडतात. ते रस्त्यावर कुठे पडायचे हे ठरवतो रिफ्लेक्टर, आणि त्याचा प्रत्येक वळसा तारेच्या ठरावीक जागेचा हिशेब धरून घडवलेला असतो. एच-फोर बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरची तार थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि झोत खाली वळतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे.

आता त्या जागी एचआयडीची कुपी ठेवा. तिचा आर्क तारेसारखा सरळ नसतो. तो किंचित वर वाकलेला असतो आणि इलेक्ट्रोडजवळ सर्वांत तेजस्वी असतो. वाटी नसते, किंवा असली तरी नेमक्या जागी नसते. एका मिलिमीटरचा फरकही झोत विस्कटायला पुरतो. उजेड वर झाडांवर जातो, समोरच्या गाडीच्या काचेवर जातो आणि मोठा भाग आपल्याच चाकापुढच्या सात-आठ मीटरांत सांडतो. बल्ब बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी प्रोजेक्टरसाठी डी-टू-एस आणि रिफ्लेक्टरसाठी डी-टू-आर असे दोन वेगळे बल्ब काढले. दुसऱ्याच्या काचेवर नको तो प्रकाश अडवणारे काळे पट्टे असतात, आणि त्याच्यासाठी रिफ्लेक्टरही मुद्दाम वेगळे घडवले गेले. तेही तारेच्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बसवण्यासाठी नव्हतेच.

फसवणूक होते ती इथे. चाकापुढचा रस्ता लख्ख दिसला की बसणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे! पण जवळची जागा जितकी उजळ, तितकी डोळ्याची बाहुली आवळते आणि पन्नास-साठ मीटरवरचा खड्डा किंवा बैलगाडी अंधारात बुडते. आपल्याला ब्रेक मारायला वेळ मिळतो तो लांबच्या उजेडामुळे, जवळच्या नव्हे. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. म्हणजे तिप्पट प्रकाश अगदी नेमका पुढे टाकता आला, तरी दिसण्याचं अंतर फार तर पावणेदोन पट होईल. विस्कटलेल्या झोतात तेवढंही होत नाही.

"करंट कमी खातो, जुन्या वायरिंगला बराच"

अर्धं खरं. ३५ वॉटचा एचआयडी, बॅलास्टमधली गळती धरून, बॅटरीतून साधारण ४० ते ४२ वॉट घेतो. ५५ वॉटच्या हॅलोजनपेक्षा हे कमीच आहे. पण पेटतानाच्या काही सेकंदांत तो याच्या दुपटीहून जास्त करंट ओढू शकतो. जुन्या इग्निशन स्विचमधून आणि हँडलवरच्या डिपर स्विचमधून तो ओढला, तर संपर्काचे पत्रे तापतात आणि जळतात.

खरा धोका मात्र वेगळा आहे. व्होल्टेज पडलं की तारेचा बल्ब मंद होतो, पण जळत राहतो. बॅलास्टला ठरावीक व्होल्टेज लागतं आणि ते त्याखाली गेलं की दिवा विझतो. जुन्या बुलेटवर अँमीटर असतो. रात्री दिवा लावून गाडी आयडलवर ठेवा, काटा उणे बाजूला झुकलेला दिसेल. बॅटरी थकलेली असेल तर घाटातल्या वळणावर, गिअर उतरवून गाडी हळू केलेल्या क्षणी, समोर काळोख होऊ शकतो. विझलेला एचआयडी परत पेटून पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद घेतो. मला या किटची सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती इथे.

आरएक्स हंड्रेडसारख्या गाड्यांत अडचण आणखी मूळची आहे. तिथे हेडलाइट बॅटरीवर नसतोच. तो लाइटिंग कॉइलवरून थेट एसी करंटने चालतो, म्हणून तर रेस वाढवली की उजेड वाढतो. बॅलास्टला स्थिर डीसी लागतो. त्यासाठी कॉइलची अर्थ सोडवून, फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवून गाडी डीसी करावी लागते. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जुन्या जावा तर ६ व्होल्टच्या. त्यांचा डायनॅमो अवघा ४५ वॉटचा, आणि त्यातच इग्निशन, मागचा दिवा नि बॅटरीचं चार्जिंगही भागवायचं. तिथे १२ व्होल्टचं एचआयडी किट चालणारच नाही.

ब्रिटिश घडणीच्या कित्येक जुन्या मोटरसायकलींना पॉझिटिव्ह अर्थ असते, हेही ध्यानात ठेवावं. न बघता बॅलास्ट जोडला तर तो पहिल्याच झटक्यात जातो.

"गाडी जुनी, म्हणून दिवा मंद"

हा सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज. जुन्या गाडीचा दिवा नवी असतानाही मोठा प्रखर नव्हता, हे कबूल. पण आज तो जितका मंद दिसतो, तितका तो कधीच नव्हता. बल्ब तोच आहे, त्याला मिळणारं व्होल्टेज आटलंय.

तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं घटलं की उजेड भरमसाट घटतो. ५ टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड साधारण १६ टक्क्यांनी उतरतो, १० टक्के कमी झालं तर सुमारे ३० टक्क्यांनी. ६ व्होल्टच्या गाडीत वाटेत अर्धा व्होल्ट गळाला की चौथाई उजेड गेला. हा अर्धा व्होल्ट गळायला फार काही लागत नाही. हिरवट पडलेलं एखादं टर्मिनल, डिपर स्विचमधला झिजलेला पत्रा, जागोजागी जोड दिलेली बारीक वायर, एवढं पुरे.

आणि अर्थिंग. कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा परतीचा करंट हँडलच्या कोनसेटमधून चॅसीत उतरतो, म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेल्या छऱ्यांमधून. रिस्टोअर केलेल्या गाडीत तर हा प्रकार हमखास होतो. चॅसीला सुरेख पावडर कोटिंग होतं, सगळं लखलखतं, आणि हेडलाइट आधीपेक्षा मंद! कारण अर्थच्या बोल्टखालीही रंग बसलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. मालक बल्बला दोष देतो आणि किट मागवतो.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. बॅटरीवर चालणारा दिवा असेल तर इंजिन चालू ठेवून, दिवा लावून, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. मग तेच बल्बच्या होल्डरवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर दोष वायरिंगचा. मग हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी वायर टाका. बॅटरीकडून जाड वायर फ्यूजमधून रिलेला आणि तिथून बल्बला द्या. हँडलवरच्या स्विचकडे फक्त रिले चालवण्याचं हलकं काम ठेवा. अप्परला एक रिले, डिपरला एक. हा खर्च एचआयडी किटपेक्षा कमी आहे आणि गाडीचं मूळ रूपही बदलत नाही.

त्यानंतर रिफ्लेक्टर पाहा. त्याचा मुलामा काळवंडला असेल, ओल शिरून डाग पडले असतील, तर आत काहीही पेटवलं तरी बाहेर थोडंच येणार. बुलेटचा दिवा सात इंची आहे आणि या मापाचे चांगले नवे रिफ्लेक्टर मिळतात. मात्र युरोपातून किंवा अमेरिकेतून मागवताना एक गोष्ट बघायलाच हवी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्या डिपरचा झोत डाव्या कडेला वर चढलेला असावा लागतो. तिकडच्या दिव्याचा तो उजवीकडे चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

"निळसर पांढरा उजेड धुक्यात लांब जातो"

नाही जात. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की कोणताही रंग जवळजवळ सारखाच विखुरतो. तिथे उपयोग होतो तो झोत खाली आणि नेमका ठेवण्याचा. वर सांडलेला प्रखर उजेड पांढरी भिंत होऊन परत अंगावर येतो. कंपन्या मोटारींत मूळचा एचआयडी देतात तो साधारण ४,३०० केल्विनचा, बराचसा पांढरा. ६,००० किंवा ८,००० केल्विनच्या निळ्या बल्बमध्ये लुमेन घटतात आणि समोरच्याचे डोळे जास्त दिपतात. केल्विन हे रंगाचं माप आहे, ताकदीचं नव्हे.

"बुलेटच्या हादऱ्यांत एचआयडी टिकत नाही" असंही ऐकू येतं. तारच नसल्यामुळे बल्ब उलट जास्त टिकतो. जातात ते स्वस्त बॅलास्ट आणि पाणी शिरलेले कनेक्टर. रिफ्लेक्टर जळतो ही भीतीही एचआयडीच्या बाबतीत फारशी खरी नाही. होल्डर वितळवणारा खरा गुन्हेगार १००/९० वॉटचा हॅलोजन आहे. तो १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर करंट घेतो आणि तरी सर्रास बसवला जातो.

"जुन्या गाडीला कोण विचारतं?"

कायदा विचारतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०६व्या नियमात डोळे दिपण्याचं माप दिलेलं आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला झोताने दिपवता कामा नये. हा नियम गाडीचं वय पाहत नाही. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली, पण अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघते. त्या गाडीला एचआयडीची गरज काय, हे मला अजून कळलेलं नाही.

मग एचआयडी करूच नये का?

वायरिंग सुधारून, रिफ्लेक्टर बदलून, चांगला ६०/५५ हॅलोजन टाकूनही उजेड अपुरा वाटत असेल, तर करावा. पण प्रोजेक्टरसकट. प्रोजेक्टरमध्ये पुढे भिंग असतं आणि आत एक पत्रा असतो, जो झोत वरून सुरीने कापल्यासारखा छाटतो. अप्पर मारला की सोलेनॉइड तो पत्रा बाजूला करतो आणि एकच बल्ब दोन्ही कामं करतो. सात इंची डोममध्ये असा प्रोजेक्टर बसू शकतो, मात्र आतली खोली आधी मोजावी. मूळ काच आणि रिफ्लेक्टर फेकू नका, गुंडाळून ठेवा. बॅलास्ट सीटखाली न ठेवता डोमच्या जवळ, पण पाण्यापासून आडोशाला बसवा, म्हणजे हाय व्होल्टेजची वायर लांबत नाही. दिवा चालू असताना त्या वायरीला किंवा कनेक्टरला हात लावू नका. तो झटका जिवावर बेतू शकतो. कुपीच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नका.

आज पुष्कळ जण एचआयडीऐवजी एलईडी बल्बकडे वळतात. पेटायला वेळ नाही, करंट कमी, हे त्याचे फायदे खरे आहेत. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचाही प्रश्न तोच: चिप नेमकी तारेच्या जागी आहे का? भिंतीवर झोत टाकून पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आणि झोत बसवण्याचं हे काम बल्ब कोणताही असला तरी टळत नाही. टायरमध्ये योग्य हवा भरा, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, आणि रोज जितकी माणसं बसतात तितकी बसवा. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. मागे माणूस बसला की शॉकअब दबतात आणि झोत वर जातो. एका अंशाचा फरक पन्नास मीटरवर ८७ सेंटिमीटर होतो, म्हणून एकट्याने जाताना एक आणि डबलसीट जाताना एक, अशा दोन खुणा डोमवर रंगाने करून ठेवाव्यात.