मोटार-अपघाताची भरपाई : शेतकऱ्याचा दावा कसा तयार होतो

गणेशपुरीचें नांव तानसा नदीकांठच्या उष्ण कुंडांमुळें व नित्यानंदबाबांच्या समाधीमुळें दूरवर पोंचलेलें आहे. गुरुपौर्णिमेस, तसेंच शेजारच्या वज्रेश्वरीच्या चैत्रांतील यात्रेस, वसई व भिवंडी या दोन्ही बाजूंनीं मोटारींची रीघ लागते. याखेरीज भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे-येणारे अवजड ट्रक अंबाडीवरून वाडा रस्त्यानें रात्रंदिवस धांवत असतात. याच रस्त्यांनीं आमचा शेतकरी पहांटे भाजीच्या पाट्या दुचाकीला बांधून बाजार गांठतो, भाताचे भारे वाहतो व जनावरें चरावयास नेतो. अपघात झाला म्हणजे बहुधा मोटारवाला सावध असतो व शेतकरी गाफील असतो. हें आम्ही रस्त्यावरील क्षणाविषयीं म्हणत नसून त्यानंतरच्या कागदपत्रांविषयीं म्हणत आहों. मोडलेला पाय वैद्य सांधतो. पण त्या पायाची किंमत न्यायाधिकरणापुढें सिद्ध करावयाची असेल, तर पहिल्या आठवड्यांत कोणता कागद हातीं आला व कोणता हरवला, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

पूर्वीं अशा भरपाईसाठीं दिवाणी न्यायालयांत रीतसर दावा लावावा लागे. १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्यान्वयें मयताच्या वारसांस तसा हक्क होता; परंतु खर्च व दिरंगाई पाहून थोडेच लोक त्या वाटेस जात. १९३९ च्या मोटार कायद्यांत १९५६ सालीं दुरुस्ती होऊन निराळीं दावा-न्यायाधिकरणें नेमण्याची तरतूद झाली. आजचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें त्याचा भरपाईविषयक भाग बराच पालटला आहे. हा पालट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. म्हणून त्यापूर्वींच्या अनुभवावरून कोणी सल्ला देऊं लागल्यास तो तपासून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा पालट मुदतीचा. १९९४ पासून भरपाईच्या अर्जास कालमर्यादा नव्हती. कित्येक कुटुंबें वर्षा-दोन वर्षांनीं, दुःख ओसरल्यावर, वकिलाकडे जात व त्यांचें चालत असे. आतां कलम १६६ प्रमाणें अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज दाखल झाला पाहिजे. या मर्यादेच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें असून, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळूं नयेत असा अंतरिम हुकूम त्या न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला. पण अंतरिम हुकूम म्हणजे कायमचा आसरा नव्हे. ज्याचा अपघात ज्येष्ठांत झाला त्यानें भात झोडून झाल्यावर पाहूं असें म्हणूं नये. तोंवर सहा महिने सरत आलेले असतात.

आतां कामाचा क्रम पाहूं. अपघाताची खबर पोलिसांस तत्काळ द्यावी. गणेशपुरीस पोलीस ठाणें आहे, त्यामुळें या भागांतील लोकांस लांब जावें लागत नाहीं. फिर्यादींत वाहनाचा क्रमांक, दिशा व वेळ हीं अचूक असावींत. जखमीस दवाखान्यांत नेण्याच्या घाईंत फिर्याद एक-दोन दिवस उशिरा झाली तर तेवढ्यानें दावा बुडत नाहीं, मात्र उशिराचें कारण फिर्यादींतच लिहवून घ्यावें. स्थळ-पंचनाम्याच्या वेळीं घरचें कोणीतरी हजर असणें अगत्याचें आहे. ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी व वाहनें कोणत्या बाजूस पडलीं हें तेथें लिहिलें जातें आणि पुढें चूक कोणाची हा वाद त्याच दोन पानांवर खेळला जातो.

२०२२ च्या नियमांनीं पोलिसांवरही मोठी जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणास व विमा कंपनीस गेला पाहिजे. दहा दिवसांत जखमीस त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना मिळाला पाहिजे. आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणापुढें आला पाहिजे. हा अहवाल स्वतःच भरपाईचा अर्ज म्हणून धरतां येतो. डिसेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या नियमांची अंमलबजावणी कसोशीनें करण्याविषयीं सर्व राज्यांस आदेश दिले आहेत. तरी आमचा सल्ला असा कीं, अहवालावर विसंबून स्वस्थ बसूं नये. पोलिसांस तुमच्या भाताचें उत्पन्न ठाऊक नसतें. तें तुम्हींच मांडावयाचें असतें.

वकील अर्ज तयार करतो तेव्हां वाहनाचा चालक, मालक व विमा कंपनी या तिघांस सामनेवाले करतो. अर्ज अपघात जेथें घडला तेथील, अर्जदार जेथें राहतो तेथील, किंवा सामनेवाला जेथें राहतो तेथील न्यायाधिकरणापुढें देतां येतो. म्हणून गणेशपुरीच्या शेतकऱ्यास नाशिकजवळ ट्रकनें उडविलें तरी त्यास नाशिकचे खेटे घालण्याचें कारण नाहीं. ठाण्यास अर्ज चालतो. अर्जासोबत फिर्याद, पंचनामा, जखमांचा दाखला, वाहनाचें नोंदणीपत्र, चालकाचा परवाना व विम्याची पॉलिसी यांच्या नकला लागतात. दवाखान्याचीं बिलें व औषधांच्या पावत्या मूळच्या ठेवाव्यात. भाड्याच्या गाडीनें ठाण्यास उपचारासाठीं केलेल्या फेऱ्यांची पावतीही टाकूं नये.

आतां शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न येतो, आणि येथेंच आमचीं माणसें सर्वाधिक गमावतात. नोकरदार पगाराचा दाखला आणतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळें शेतकऱ्याजवळ विवरणपत्र नसतें. मग वकील अंदाजानें एक आंकडा लिहितो, विमा कंपनी तो नाकारते, आणि न्यायाधिकरण मजुरीच्या किमान दरांकडे पाहून कांहींतरी धरतें. ज्याच्याजवळ सात-बारा, आठ-अ, पीक-पाहणीची नोंद, बाजार समितींतील विक्रीच्या पट्ट्या, दूध घालण्याचें पुस्तक, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा व बँकेचें पासबुक आहे, त्याचा आंकडा इतक्या सहजीं खालीं ओढतां येत नाहीं. व्यापारी रोख देतो म्हणून पट्टी न घेण्याची जी संवय आहे ती अशा वेळीं फार महाग पडते.

यांत आणखी एक खोंच आहे. सामनेवाल्याचा वकील हमखास विचारतो, "जमीन तर जागेवरच आहे, मग उत्पन्न बुडालें कसें?" हा युक्तिवाद पोकळ नव्हे. २००३ सालीं हरियाणांतील एका शेतकऱ्याच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें आहे कीं, जमीन वारसांकडे राहते म्हणून शेतीच्या उत्पन्नास नेहमींचा नियम जसाच्या तसा लावतां येत नाहीं. देखरेख करणारा गेला, तर ती देखरेख विकत घेण्यास काय पडेल हें पाहावें. तेव्हां सगळें पीक बुडालें असें सांगण्यापेक्षां, नांगरणीस व लावणीस किती मजूर अधिक लावावे लागले, कोणती भाजीची बाग सोडून द्यावी लागली, जनावरें कां विकावीं लागलीं, हें तारीखवार सांगणें अधिक फलदायी होतें. ज्यांस ही मजुरी दिली त्यांची साक्षही देतां येते.

हिशेब कसा होतो तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. अडतीस वर्षांच्या शेतकऱ्याचा एक पाय कायमचा अधू झाला आणि त्याचें उत्पन्न दरमहा १५,००० रुपये धरलें गेलें. वर्षाचे १,८०,००० झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाप्रमाणें चाळीस वर्षांखालील स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नांत भावी वाढीसाठीं ४० टक्के मिळवितात; म्हणजे २,५२,००० झाले. त्याची कमावण्याची शक्ति ४० टक्के घटली असें ठरल्यास वर्षाचें नुकसान १,००,८०० रुपये होतें. ३६ ते ४० वयास २००९ च्या निर्णयानें ठरलेला गुणक १५ आहे. म्हणून या एका बाबीखालीं १५,१२,००० रुपये येतात. उपचार, यातना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे निराळे.

यांतील ४० टक्के ही संख्या वैद्याच्या दाखल्यावरील टक्केवारीच असेल असें नाहीं. २०१० च्या एका निर्णयांत न्यायालयानें बजाविलें आहे कीं, शरीराचें अपंगत्व व कमाईची हानि या दोन वेगळ्या गोष्टी होत. चिखलांत उभें राहून आवण लावणाऱ्याचा गुडघा आणि मेजावर लिहिणाऱ्याचा गुडघा यांची किंमत सारखी नसते. म्हणून वैद्यास साक्षीस बोलावून, हा मनुष्य नांगर धरूं शकेल काय, डोकीवर भारा घेऊं शकेल काय, असे प्रश्न विचारणें हें चांगल्या वकिलाचें काम होय. दाखला नुसता अर्जास जोडून मोकळा होणारा वकील अशिलाचें लाखांनीं नुकसान करतो.

विमा कंपनीस अपघाताची माहिती मिळाल्यावर तीस दिवसांत तडजोडीची रक्कम देऊं करावयाची असते. चूक कोणाची हें सिद्ध न करतां कलम १६४ खालीं गंभीर दुखापतीस अडीच लाख व मृत्यूस पांच लाख रुपये मिळतात. घरांत पैसा नसतांना हे अडीच लाख हातीं घ्यावेसे वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ही रक्कम स्वीकारली कीं कलम १६६ खालील अर्ज निकालांत निघतो. वरील उदाहरणांतील शेतकऱ्यानें सही करण्यापूर्वीं दोन्ही आंकडे शेजारीं मांडून पाहावेत. तातडीच्या उपचारासाठीं मे २०२५ पासून निराळी योजना आहे. तीप्रमाणें नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां होतात. वाहन पळून गेलें व सांपडलेंच नाहीं, तर मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार मिळतात. तो अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे तर महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

शेतकरी दर वेळीं अर्जदारच असतो असें मानूं नये. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत मजूर बसवून शेतावर नेतांना ती उलटली, तर शेतीकामाच्या पॉलिसीखालीं अशा उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं. २००७ च्या एका प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें जखमी मजुराची गरिबी पाहून कंपनीस आधीं रक्कम देण्यास सांगितलें, पण ती मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. म्हणजे अखेर बोजा पडला तो मालकावरच. याउलट, स्वतःचा माल टेंपोंत घालून त्यासोबत बाजारास जाणारा शेतकरी १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याच्या संरक्षणांत येतो. मात्र माल आपला होता हें दाखविणारी पावती हवी.

फीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. दवाखान्याच्या दारांत कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेणारे व "खर्च आमचा, भरपाईंत तिसरा हिस्सा आमचा" असें बोलणारे दलाल हिंडत असतात. निकालावर अवलंबून फी ठरविणें किंवा मिळालेल्या रकमेंत वांटा घेणें हें भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनीं वकिलास मना आहे. फी आधीं ठरवावी, पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर सही देऊं नये. स्त्रिया, मुलें, अपंग व अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहतां जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. ठाण्यास जिल्हा न्यायालयांत त्याची चौकशी करावी.

निवाडा झाला म्हणजे रक्कम बँकेंत जमा होते व तींतील कांहीं भाग, विशेषतः अज्ञान मुलांचा, मुदतठेवींत ठेवण्याचा हुकूम होतो. ती ठेव मोडून देतों असें सांगणाराही कोणी ना कोणी भेटतोच. उपचारासाठीं किंवा मुलांच्या शिक्षणासाठीं खरोखर निकड असेल, तर न्यायाधिकरणास साधा अर्ज करून पैसा काढतां येतो. निवाडा अमान्य असल्यास उच्च न्यायालयांत अपील करण्यास नव्वद दिवस मिळतात. निवाड्याची सहीशिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यांत मागवून ठेवावी.